घराची इक्विटी आणि चॅप्टर १३ : अमेरिकेतल्या मराठी मंडळींचे नेहमीचे प्रश्न

अमेरिकेत घर आहे, घरात बऱ्यापैकी इक्विटी (घराची किंमत वजा त्यावरचं कर्ज) साठलीये आणि तिकडे क्रेडिट कार्डांचं कर्ज मात्र डोक्यावरून चाललंय, अशा लोकांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात, म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून काढलं. यातले फेडरल आकडे १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेले आहेत. ते दर तीन वर्षांनी बदलतात, म्हणजे पुढचा बदल २०२८ च्या एप्रिलमध्ये. मी टॅक्सची कामं करते, वकील नाहीये, त्यामुळे फाइल करायच्या आधी बँक्रप्सीच्या वकिलाकडे जायचंच आहे, पण निदान जाताना आपलं गणित काय ते माहीत असलेलं बरं.

चॅप्टर १३ म्हणजे दिवाळंच ना शेवटी?

कायदा बँक्रप्सीचाच आहे, पण हा हप्त्यांनी फेडायचा प्रकार आहे. तुम्ही कोर्टापुढे एक प्लॅन मांडता, तीन ते पाच वर्षं दर महिन्याला ट्रस्टीकडे (तुमची केस सांभाळायला नेमलेला माणूस) ठरलेली रक्कम भरता, ट्रस्टी ती देणेकऱ्यांना, म्हणजे ज्यांचं तुम्ही देणं लागता त्यांना, वाटतो आणि शेवटी कार्डं, मेडिकल बिलं, पर्सनल लोन असलं जे काय उरलं असेल ते माफ होतं. उत्पन्न तुमच्या राज्याच्या मीडियनपेक्षा (मधल्या आकड्यापेक्षा) कमी असेल तर तीन वर्षांत भागू शकतं, जास्त असेल तर पाच वर्षं धरून चाला (आपल्यातले आयटीवाले बहुतेक पाचवालेच). त्यासाठी नियमित कमाई लागते. कर्जालाही मर्यादा आहे : अनसिक्युअर्ड, म्हणजे तारण नसलेलं, कर्ज ५,२६,७०० डॉलरच्या आत आणि सिक्युअर्ड, म्हणजे मॉर्टगेज, गाडी वगैरे, १५,८०,१२५ डॉलरच्या आत पाहिजे. फाइल केल्याक्षणी वसुलीचे फोन, दावे, पगारावरची जप्ती, घराचा लिलाव सगळं थांबतं.

टीव्हीवर जाहिरात करणाऱ्या डेट सेटलमेंट कंपन्या म्हणजे हे नव्हे. त्यांच्यामागे कोर्टाचं संरक्षण नसतं, तुम्ही त्यांना पैसे देत असतानाही कार्डवाला तुमच्यावर दावा ठोकू शकतो.

पहिलं सांगा, घर जाणार का?

प्लॅनचे हप्ते आणि मॉर्टगेज दोन्ही वेळेवर भरत राहिलात तर नाही. चॅप्टर १३ मध्ये ट्रस्टी तुमचं घर विकायला येत नाही, ते चॅप्टर ७ मध्ये, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवायच्या बँक्रप्सीत, होऊ शकतं. पण म्हणून इक्विटीकडे कोणी बघतच नाही असं समजू नका. इक्विटी घरातच राहते, तिच्यावरून ठरतो तो तुमचा किमान हप्ता. ही एक गोष्ट नीट लक्षात आली की पुढचं अर्धं पान वाचलं नाही तरी चालेल.

हप्ता इक्विटीवरून कसा ठरतो, नीट समजावून सांगा.

कायदा म्हणतो की देणेकऱ्यांना चॅप्टर १३ मध्ये निदान तेवढं तरी मिळालं पाहिजे जेवढं त्यांना तुम्ही चॅप्टर ७ केलं असतं तर मिळालं असतं. म्हणून कागदावर एक खोटी विक्री करून बघतात : समजा आज घर विकलं, मॉर्टगेज आणि हेलॉक (घराच्या इक्विटीवर काढलेलं कर्ज) फेडलं, एजंटचं कमिशन आणि विक्रीचा खर्च वजा केला, तुमची कायद्याने सुटणारी रक्कम, म्हणजे एक्झम्प्शन, तुम्हाला दिली, चॅप्टर ७ च्या ट्रस्टीची फी काढली, तर उरलं किती? जे उरेल तेवढं तरी अनसिक्युअर्ड देणेकऱ्यांच्या हातात पाच वर्षांत पडलं पाहिजे. याला लिक्विडेशन टेस्ट म्हणतात.

दुसरी कसोटी उत्पन्नाची. पगारातून ठरलेले खर्च वजा जाऊन जे उरतं, म्हणजे डिस्पोजेबल इन्कम, ते प्लॅनमध्ये घालायचं. दोन्हींपैकी जो आकडा मोठा तो तुमचा. म्हणजे महिन्याला हातात तीनशेच डॉलर उरतायत पण घरात दोन लाखांची उघडी, म्हणजे एक्झम्प्शनबाहेरची, इक्विटी आहे अशा माणसाची खरी पंचाईत होते, कारण इक्विटी म्हणते जास्त भर आणि पगार म्हणतो जमत नाही. अशा वेळी प्लॅन मंजूरच होत नाही, मग घर आपण होऊन विकणं नाहीतर वेगळा मार्ग शोधणं आलं.

एक्झम्प्शन किती मिळतं?

इथे राज्याराज्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. फेडरल होमस्टेड एक्झम्प्शन माणशी ३१,५७५ डॉलर. नवरा-बायकोचं घर दोघांच्या नावावर असेल आणि दोघांनी मिळून फाइल केलं तर दुप्पट, ६३,१५०. न्यू जर्सीचं स्वतःचं होमस्टेड एक्झम्प्शन नाहीच, पण तिथे एक्झम्प्शनची फेडरल यादी वापरायची मुभा आहे, त्यामुळे एडिसन-पिस्काटवेकडची मंडळी बहुतेक हाच आकडा धरतात. टेक्सासमध्ये किमतीला मर्यादाच नाही, शहरात १० एकरांपर्यंतचं राहतं घर अख्खं सुटतं. फ्लोरिडातही किमतीची मर्यादा नाही, फक्त शहराच्या हद्दीत अर्धा एकर आणि बाहेर १६० एकर. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२१ पासून नियम बदलला, आता काउंटीतल्या घरांच्या मीडियन किमतीप्रमाणे ३ लाख ते ६ लाख डॉलर, आणि हे दोन्ही आकडे महागाईप्रमाणे दरवर्षी वर सरकतात, त्यामुळे आत्ताचा आकडा याहून मोठा आहे.

आणि एक, हे एक्झम्प्शन मॉर्टगेजवाल्या बँकेच्या विरुद्ध चालत नाही. तिचा हक्क घरावर आधीच आहे. ते फक्त कार्डवाले वगैरे बाकीच्यांपासून संरक्षण.

एखादं उदाहरण आकड्यांनिशी द्या ना.

न्यू जर्सीतलं जोडपं घ्या. घराची किंमत ६,८०,०००. मॉर्टगेज बाकी ४,३०,००० आणि हेलॉक ४०,०००. म्हणजे वरवर बघता इक्विटी २,१०,०००, आणि इथेच लोकांच्या पोटात गोळा येतो. पण थांबा. विक्रीचा खर्च ६ टक्के धरला तर ४०,८०० गेले, राहिले १,६९,२००. दोघांचं एक्झम्प्शन ६३,१५०, राहिले १,०६,०५०. चॅप्टर ७ च्या ट्रस्टीची फी वाटलेल्या रकमेवर टप्प्याटप्प्याने लागते, पहिल्या ५,००० वर २५ टक्के, पुढे ५०,००० पर्यंत १० टक्के, त्यापुढे १० लाखांपर्यंत ५ टक्के, आणि त्यात बँकेला चुकवलेले पैसेही धरले जातात, तुमचं एक्झम्प्शन मात्र नाही. इथे ती जास्तीत जास्त ३४,००० च्या आसपास जाते. शेवटी उरले साधारण ७२,०००.

आता या जोडप्याचं कार्डांचं आणि पर्सनल लोनचं कर्ज ९५,००० असेल तर त्यातले निदान ७२,००० तरी पाच वर्षांत फेडावेच लागतील, म्हणजे महिन्याला १,२०० आणि त्यावर ट्रस्टीचं कमिशन, जे जास्तीत जास्त १० टक्के असतं, ते धरून १,३३३ च्या आसपास. शिवाय मॉर्टगेज नेहमीसारखं चालू. वकिलाची उरलेली फीसुद्धा बहुतेक वेळा प्लॅनमधूनच जाते. कर्ज जर ६०,००० च असतं तर ७२,००० भरायचा प्रश्नच नाही, पूर्ण ६०,००० फेडायचे, फक्त त्यावर थोडं व्याजही द्यावं लागू शकतं, कारण कायद्याला आजच्या किमतीएवढे पैसे हवे असतात आणि तुम्ही देताय पाच वर्षांत.

हेच घर, हेच आकडे टेक्सासमधल्या प्लेनो किंवा फ्रिस्कोत असते तर? इक्विटीचा आकडा शून्य, हप्ता फक्त पगारावर ठरला असता. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेतही तेच, तिथल्या एक्झम्प्शनमध्ये २ लाख आरामात बसतात. एकाच देशातल्या, एकाच पगाराच्या दोन कुटुंबांना एवढा फरक पडावा हे मला काही पटत नाही, पण कायदा तसाच आहे.

मग टेक्सासला शिफ्ट होऊन फाइल केलं तर?

हे सुचणारे तुम्ही पहिले नाही, म्हणून तर २००५ मध्ये दारं बंद केली. फाइल करायच्या आधी ७३० दिवस, म्हणजे दोन वर्षं, एकाच राज्यात राहिलेले असाल तरच त्या राज्याची यादी लागते, नसाल तर त्याही आधी जिथे होतात तिथली. आणि घर घेऊन १,२१५ दिवस झाले नसतील, म्हणजे अंदाजे तीन वर्षं चार महिने, तर टेक्सास-फ्लोरिडातसुद्धा २,१४,००० डॉलरची मर्यादा बसते. त्याच राज्यातलं जुनं घर विकून नवं घेतलं असेल तर जुन्या घरातून आलेली इक्विटी त्यात मोजत नाहीत. नोकरीसाठी नुकतेच डॅलसला गेलेले असाल तर वकिलाला तारखा आधी सांगा, बाकीचं नंतर.

घराची किंमत कोण ठरवतं? झिलो चालतं का?

पहिला आकडा तुम्ही देता, शपथेवर. झिलो या घरांच्या वेबसाइटचा अंदाज पुष्कळ लोक लावतात आणि ट्रस्टीही बघतो, पण वाद झालाच तर कोर्टात अप्रेझलला, म्हणजे तज्ज्ञाने घर बघून केलेल्या मूल्यांकनाला, किंमत असते. माझं मत विचाराल तर चार-पाचशे डॉलर घालवून अप्रेझल करून घ्या. झिलोला तुमचं गळकं बेसमेंट, वीस वर्षांपूर्वीचं किचन, छताचं आलेलं काम दिसत नाही आणि वरच्या गणितात किंमत २०,००० ने खाली आली तर किमान हप्ताही महिन्याला तीनशेच्या आसपास उतरतो. मात्र मुद्दाम पाडून लिहू नका. ट्रस्टी रोज हेच बघतो, शेजारचं घर मार्चमध्ये कितीला गेलं ते त्याला दोन क्लिकमध्ये कळतं.

फक्त मी फाइल करतोय, मिसेस नाही. तिच्या अर्ध्या हिश्शाचं काय?

राज्यावर आहे. कॅलिफोर्निया आणि टेक्सास ही कम्युनिटी प्रॉपर्टीची राज्यं, तिथे लग्नानंतर घेतलेलं घर साधारणपणे अख्खंच तुमच्या केसमध्ये येतं, अर्धं नाही. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, फ्लोरिडा इथे नवरा-बायकोच्या नावावरचं घर टेनन्सी बाय द एंटायरटी (दोघांची मिळून एकच, न विभागलेली मालकी) या प्रकारात असू शकतं आणि कर्ज एकट्याच्या नावावर असेल तर त्यातून संरक्षण मिळू शकतं. पण फेडरल यादी घेतली की या संरक्षणावर पाणी सोडावं लागतं, आणि न्यू जर्सीत याचे खाचखळगे इतके आहेत की इथे दोन ओळींत सांगून तुमची दिशाभूल करणार नाही. एकट्याने फाइल केलं तर फेडरल एक्झम्प्शनही एकाचंच, ३१,५७५, हे विसरू नका.

बायको किंवा भाऊ कर्जाला को-सायनर (बरोबर सही करून जबाबदारी घेतलेला) असेल तर चॅप्टर १३ चा एक फायदा आहे, घरगुती कर्जासाठी त्यांच्यामागेही वसुलीवाले लागू शकत नाहीत, निदान प्लॅनमधून ते कर्ज फेडलं जात असेपर्यंत तरी. चॅप्टर ७ मध्ये ही सोय नाही.

त्यापेक्षा हेलॉक काढून सगळी कार्डं एकदम फेडून टाकली तर? व्याजही कमी.

हा सल्ला ऑफिसातला प्रत्येक जण देतो. नोकरी पक्की असेल, कार्डांना परत हात लावणार नाही याची खात्री असेल, तर ठीक. पण नाकातोंडात पाणी गेलेलं असताना हे करणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. कार्डाचं कर्ज बुडालं तर कार्डवाला जास्तीत जास्त दावा करेल. तेच कर्ज घरावर चढवलं की हप्ता चुकल्यावर घरच जाणार, आणि तुमची जी इक्विटी एक्झम्प्शनमध्ये सुरक्षित होती ती तुम्ही आपल्या हाताने बँकेला दिलीत. रिटायरमेंटच्या ४०१ के मधून पैसे काढून कार्डं भरणंही तसंच, ते पैसे बँक्रप्सीत कोणी शिवत नाही आणि लोक तेच आधी मोडतात.

फाइल करायच्या आधी घर भावाच्या नावावर केलं तर?

नको. मागच्या दोन वर्षांतले असे व्यवहार ट्रस्टी फेडरल कायद्याखाली उलटवू शकतो, राज्याच्या कायद्याने त्याहून मागे जाता येतं, न्यू जर्सीत साधारण चार वर्षं. फॉर्ममध्ये प्रश्न सरळ विचारलेला असतो, आणि सही शपथेवर. मालमत्ता लपवणं हा फेडरल गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद. तसंच मेव्हण्याचे वीस हजार आधी परत करून टाकू, मग कोर्टात जाऊ, हेही चालत नाही. नात्यातल्यांना वर्षभरात फेडलेलं कर्ज ट्रस्टी मेव्हण्याकडून परत मागू शकतो आणि मग दिवाळीला कोणाच्या घरी जायचं ते तुम्हीच ठरवा.

पुण्यातला फ्लॅट दाखवायचा का? तो तर इंडियात आहे.

दाखवायचा. सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त कुजबुजत विचारला जाणारा प्रश्न हाच. कायद्यात शब्द स्पष्ट आहेत, मालमत्ता जगात कुठेही असो आणि कोणाच्याही ताब्यात असो. कोथरूडचा वन बीएचके, हिंजवडीतला अंडर कन्स्ट्रक्शन फ्लॅट ज्याचे हप्ते चालू आहेत, नाशिकचा एनए प्लॉट, आईबरोबर जॉइंट असलेली एफडी, एनआरओ खातं, सगळं.

खरी अडचण पुढे आहे. होमस्टेड एक्झम्प्शन राहत्या घराला मिळतं, पुण्याच्या फ्लॅटमध्ये तुम्ही राहत नाही. फेडरल यादीत वाइल्डकार्ड म्हणून एक रक्कम कशालाही लावता येते, १,६७५ डॉलर आणि होमस्टेडमधलं न वापरलेलं १५,८०० पर्यंत. घराने होमस्टेड अख्खं खाल्लं असेल तर हातात १,६७५ च राहतात. म्हणजे ८० लाखांचा फ्लॅट, डॉलर ८५ रुपये धरला तर साधारण ९४,००० डॉलर, जवळपास पूर्णच्या पूर्ण तुमच्या किमान आकड्यात मिळवला जातो. एडिसनच्या घराचा धसका घेऊन बसलेल्या माणसाचा प्लॅन पुण्याच्या फ्लॅटपायी अडतो तो असा.

पण इथे भांडायला जागाही आहे. अमेरिकेतल्या ट्रस्टीला पुण्यात फ्लॅट विकणं सोपं नाही. ब्रोकरेज, एनआरआयच्या विक्रीवर कापला जाणारा टीडीएस, भारतातला लाँग टर्म कॅपिटल गेन टॅक्स जो आता १२.५ टक्के आहे, सोसायटीची एनओसी, फ्लॅटवर लोन असेल तर ते, या सगळ्यांची वजावट मागता येते आणि चांगला वकील मागतो. इंडेक्स टू, ताज्या भावाचा एखाद्या व्हॅल्युअरचा रिपोर्ट आणि लोनचं स्टेटमेंट जवळ ठेवा. काही जण सरळ तो फ्लॅट विकून प्लॅनमध्येच पैसे घालतात, आणि खरं सांगायचं तर भाड्याने दिलेल्या, मेंटेनन्स थकलेल्या फ्लॅटसाठी इथलं राहतं घर पणाला लावण्यापेक्षा ते शहाणपणाचं. एनआरओ खात्यातून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर आणता येतात, त्यामुळे पैसे आणायची अडचण सहसा नसते, वेळ मात्र लागतो.

फ्लॅट आईच्या नावावर आहे पण पैसे तुम्ही भरले? तेही वकिलाला सांगा. नाव तिचं, हप्ते तुमच्या खात्यातून, भाडं तुमच्या खात्यात, अशी स्थिती असेल तर प्रश्न विचारले जाणारच.

गावच्या जमिनीत माझा हिस्सा आहे, वाटणी झालेली नाही. ती पण?

सात-बारावर नाव असेल तर नक्कीच, आणि नाव चढलेलं नसेल पण वडील गेल्यावर हक्क आलेला असेल तरीही. अविभक्त हिश्शाची किंमत अर्थातच कमी धरली जाते, चार भावांच्या सामाईक जमिनीतला एक चतुर्थांश कोण विकत घेणार? शिवाय शेतजमीन एनआरआयला वारशाने ठेवता येते पण विकताना भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते, म्हणजे गिऱ्हाईकंही कमी. हे सगळं किंमत कमी दाखवायला उपयोगी पडतं, जमीन लपवायला नाही.

आणि केस चालू असताना वारसा आला तर? चॅप्टर १३ मध्ये बऱ्याच कोर्टांनी म्हटलंय की केस संपेपर्यंत आलेला वारसाही त्यात येतो, नुसते पहिले १८० दिवस नाही. विषय अवघड आहे, घरात दुःख असताना ट्रस्टीला पत्र पाठवायला कोणाचं मन होणार, पण कळवावं लागतं.

मॉर्टगेजचेच सहा हप्ते थकलेत. आता इक्विटी असून काय उपयोग?

उलट चॅप्टर १३ चा खरा उपयोग इथेच. थकलेले हप्ते प्लॅनमध्ये पाच वर्षांपर्यंत पसरवता येतात, चालू हप्ता मात्र पुढच्या महिन्यापासून चुकवायचा नाही. फोरक्लोजरची तारीख लागलेली असली तरी लिलाव होण्याआधी फाइल केलं तर थांबतो. राहत्या घराच्या पहिल्या मॉर्टगेजचं व्याज किंवा मुद्दल मात्र कमी करून घेता येत नाही, सुप्रीम कोर्टाने १९९३ मध्येच ते स्पष्ट केलंय.

दुसऱ्या मॉर्टगेजचं काय?

घराची किंमत पहिल्या मॉर्टगेजपेक्षाही खाली गेली असेल, म्हणजे दुसऱ्यासाठी एक डॉलरही उरत नसेल, तर ते घरावरून काढून कार्डाच्या कर्जासारखं वागवता येतं. २००८ नंतर हे खूप चाललं. सध्याच्या किमतींना क्वचितच लागू पडतं.

प्लॅन चालू असताना घराची किंमत वाढली तर वाढीव पैसे द्यावे लागतात?

प्लॅन मंजूर होताना जी किंमत धरली तीवर किमान आकडा ठरलेला असतो, आणि केस चॅप्टर १३ मध्येच राहिली, घर विकलं नाही, तर बहुतेकांना वाढीचा त्रास होत नाही. गंमत बिघडते ती प्लॅन मोडून केस चॅप्टर ७ मध्ये बदलली तर. मधल्या काळात वाढलेली किंमत कोणाची, तुमची का देणेकऱ्यांची, यावर कोर्टांचं एकमत नाही. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन वगैरे राज्यं ज्याच्या हाताखाली येतात त्या नवव्या सर्किटच्या फेडरल अपील कोर्टाने २०२३ मध्ये देणेकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. सिएटल किंवा बे एरियात घर असेल आणि प्लॅन ओढाताणीचा वाटत असेल तर ही गोष्ट फाइल करायच्या आधीच वकिलाला विचारा.

मधेच घर विकायचं किंवा रिफायनान्स करायचं म्हटलं तर?

कोर्टाची परवानगी लागते, वकील अर्ज करतो, ट्रस्टीचं म्हणणं घेतलं जातं. एफएचए लोन (सरकारी विम्याचं घरकर्ज) प्लॅनचे १२ महिन्यांचे हप्ते वेळेवर गेलेले असतील आणि कोर्टाची परवानगी असेल तर मिळू शकतं. काही जण दोन-तीन वर्षांनी रिफायनान्स करून प्लॅन एकरकमी संपवतात. पण तुमच्या जुन्या मॉर्टगेजचा दर २०२१ चा, तीन टक्क्यांच्या आतला असेल तर तो सोडून नवं लोन घ्यायच्या आधी शांतपणे हिशोब करा, पाच वर्षांचा प्लॅन परवडला पण तीस वर्षांचा नवा दर नको असं होऊ शकतं. विकायचं झालं तर एक्झम्प्शनची रक्कम तुमची, उरलेल्याबद्दल कोर्ट काय म्हणतं ते बघावं लागतं.

मी एच-१बी वर आहे. फाइल करता येतं का? नोकरी गेली तर?

येतं, नागरिकत्वाची अट नाही. इथे राहता, इथे मालमत्ता आहे, पुरे. चॅप्टर १३ केलं एवढ्यावरून व्हिसा रद्द होत नाही. प्रश्न नोकरीचा आहे. एच-१बी वाल्याला नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात आणि पगार थांबला की प्लॅनही थांबतो. हप्ता कमी करून घेण्यासाठी अर्ज करता येतो, अगदीच वाईट वेळ आली तर हार्डशिप डिस्चार्ज, म्हणजे प्लॅन पुरा न होताच कर्जमाफी, अशी सोय आहे, पण त्यातही इक्विटी आडवी येते : चॅप्टर ७ मध्ये देणेकऱ्यांना जेवढं मिळालं असतं तेवढं त्यांना आधीच मिळालेलं असेल तरच ती मिळते. म्हणजे इक्विटी मोठी असलेल्याला ही वाट जवळपास बंद. व्हिसावर असलेल्यांनी म्हणूनच पगाराला घासून प्लॅन करू नये, थोडा श्वास घ्यायला जागा ठेवावी.

क्रेडिट रिपोर्टवर किती वर्षं?

चॅप्टर १३ साधारण ७ वर्षं, चॅप्टर ७ असेल तर १०.

सरळ चॅप्टर ७ का करू नये? चार-पाच महिन्यांत सुटका.

इक्विटी एक्झम्प्शनच्या आत पूर्ण बसत असेल आणि चॅप्टर ७ च्या उत्पन्नाच्या कसोटीत बसत असाल तर वकील कदाचित तेच सुचवेल. इक्विटी बाहेर सांडत असेल तर चॅप्टर ७ मध्ये ट्रस्टी घर विकू शकतो, आणि एकदा फाइल केलं की चॅप्टर ७ मधून मनाला येईल तेव्हा बाहेर पडता येत नाही. चॅप्टर १३ मधून सहसा बाहेर पडता येतं. घर असलेल्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

वकिलाकडे पहिल्यांदा जाताना काय न्यावं?

डीड (घराचं खरेदीखत), मॉर्टगेज आणि हेलॉकची ताजी स्टेटमेंटं, प्रॉपर्टी टॅक्सचं बिल, झाली असेल तर अप्रेझल. सहा महिन्यांच्या पे स्लिप, मागची दोन-चार वर्षांची टॅक्स रिटर्न्स. भारतातल्या मालमत्तेचे कागद वेगळ्या फोल्डरमध्ये, मराठीत असतील तर वर इंग्रजीत दोन ओळी लिहून. फाइल करायच्या आधीच्या १८० दिवसांत क्रेडिट कौन्सेलिंगचा छोटा कोर्स करावा लागतो, ऑनलाइन होतो. कोर्टाची फी ३१३ डॉलर, ती हप्त्याने भरता येते. फाइल केल्यावर ३० दिवसांच्या आत पहिला हप्ता जायलाच हवा, प्लॅन मंजूर झालेला नसला तरी. मग २१ ते ५० दिवसांत ट्रस्टीबरोबर मीटिंग, हल्ली बहुतेक झूमवर, दहा-पंधरा मिनिटांची, आणि त्यात जवळजवळ नेहमी विचारतात : घराची ही किंमत कशावरून लिहिलीत, आणि अमेरिकेबाहेर काही आहे का.